आजीच्या टाचा आणि बॉडी बटर

कॉन्व्हेंटमध्ये मी मराठी फक्त पास होण्यापुरतं केलं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका आधीच पोटात घाला!

वाशिंदहून लोकलने येणाऱ्यांना हिवाळा म्हणजे काय ते सांगायला नको. दारात उभं राहिलं की खडवली येईपर्यंत ओठ फुटतात आणि हातावर नखाने पांढरं नाव लिहिता येतं. मागच्या पौषात, म्हसा यात्रेच्या सुमारास, मी शिकवणीच्या पैशांतून आजीसाठी बॉडी बटरची एक महागडी डबी आणली. झाकणावर 'नॅचरल' आणि लॅव्हेंडरची फुलं, वास तर एकदम झकास. आजीचा जन्म भाताच्या चिखलात गेला. टाचांना इतक्या भेगा की चादरीचा धागा अडकतो. ती रोज निमूट लावायची. आठ दिवसांनी आईकडून कळलं, की लावल्यावर आग होते म्हणून ती पाय गार लादीवर टेकवून बसते. "पोरीने हौसेने आणलंय" म्हणून मला काही बोलली नाही. मला कसंतरीच झालं. मग ठरवलं, या डबीत असतं तरी काय, ते शोधायचंच!

आधी त्वचा कोरडी का पडते ते पाहू. त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे एक भिंतच. मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ हे सिमेंट. आतलं पाणी या भिंतीतून सतत थोडं थोडं उडून जात असतं. हिवाळ्यात हवा कोरडी, त्यात आपण कढत पाण्याने आणि भरपूर साबणाने आंघोळ करतो. सिमेंट धुऊन जातं आणि भिंत गळायला लागते. वर जाड, कडक झालेली टाचेची कातडी शरीराच्या वजनाखाली तडकते. सिव्हिलवाल्यांना जास्त समजवायला नकोच!

बटर या भिंतीला गिलावा करतं. म्हणजे ते त्वचेला पाणी देत नाही, असलेलं पाणी जाऊ देत नाही. ही एक गोष्ट कळली की वापरण्याची पद्धतच बदलते. कोरड्या पायांवर चोपडण्यापेक्षा पाय धुऊन, नुसते टिपून, ओलसर असतानाच लावायचं.

आता, यात दुधाचं लोणी नसतं. साध्या तापमानाला घट्ट राहणाऱ्या वनस्पतींच्या तेलाला बटर म्हणतात. जगभर गाजलेलं शिया बटर आफ्रिकेतल्या एका झाडाच्या बियांचं. पण गंमत बघा, हे शियाचं झाड, आपल्या शहापूर-मुरबाडच्या जंगलातला मोह आणि पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-घोलवडचा प्रसिद्ध चिकू, हे सगळे एकाच कुळातले! मोहाच्या बियांचं तेलही थंडीत थिजतं. मी हे आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, आमच्या लहानपणी तेच लावायचे पायांना. दिव्यालाही तेच." मी मात्र आफ्रिकेला जाऊन आले!

मोहाचं तेल मला मिळालं नाही, म्हणून कोकमतेल आणलं. कोकणात कोकमाच्या बिया कुटून पाण्यात उकळतात, वर तरंगलेलं तेल काढून त्याचे गोळे वळतात. काही ठिकाणी त्याला भिरंडेल म्हणतात. पायांच्या भेगांवर हे जुनंच औषध. युरोपियन युनियनच्या २००० सालच्या चॉकलेटच्या नियमात, कोकोबटरखेरीज ५ टक्क्यांपर्यंत घालायला परवानगी असलेल्या सहा वनस्पती-तेलांत कोकमाचंही नाव आहे. पण ते साधारण ४० अंश सेल्सिअसला वितळतं आणि आपली कातडी त्याहून थंड असते. त्यामुळे नुसता गोळा चोळावा लागतो. म्हणून त्यात पातळ तेल मिसळायचं.

माझं प्रमाण असं : ४० ग्रॅम कोकमतेल, ३० ग्रॅम खोबरेल, ३० ग्रॅम तिळाचं तेल. गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून वितळवा, मग वाटी बर्फात ठेवून फेटा. पहिल्यांदा मी तसंच ओट्यावर गार होऊ दिलं, तर रव्यासारखं कणीदार झालं. मग ट्यूब पेटली. कास्टिंग हळू थंड केलं तर ग्रेन मोठे, लवकर केलं तर बारीक. व्हायवाला न आठवलेलं उत्तर स्वयंपाकघरात आठवलं! यात पाणी नाही, म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही. फक्त ओला हात डबीत घालू नका, नाहीतर बुरशी येईल. गुलाबपाणीही नको, तेलात ते मिसळणारच नाही.

राहिला वास. इथेच खरी गोम आहे. सुगंधी द्रव्यं हे त्वचेच्या ॲलर्जीचं एक नेहमीचं कारण आहे, मग ती 'नॅचरल' का असेनात. लॅव्हेंडरच्या तेलातलं लिनालूल हवेने जुनं होत गेलं की त्यापासून ॲलर्जी आणणारे पदार्थ बनतात. सालीतून पिळून काढलेलं लिंबाचं तेल लावून उन्हात गेलं तर कातडी भाजू शकते. अखंड कातडीला चालणारा वास उघड्या भेगेत झोंबणारच. म्हणून १०० ग्रॅमला अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त सुगंधी तेल नको. आधी दोन-तीन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. भेगांवर तर वास नकोच. आणि भेगेतून रक्त येत असेल किंवा मधुमेह असेल तर घरगुती प्रयोग बंद, सरळ डॉक्टर गाठा.

मी वास न घालताच डबी आजीसमोर ठेवली. तिने हुंगून बघितली आणि तोंड वाकडं केलं. "झोंबायचं ते मेलं, पण वास छान होता गं." मग दोन डब्या केल्या : पायांसाठी बिनवासाची, हातांसाठी वाळ्याच्या तेलाची.

इंजिनिअर म्हटल्यावर टेस्टिंग आलंच. उजव्या टाचेला ओलं असताना लावायचं, डाव्या टाचेला कोरडं असताना, आणि दहा दिवसांनी तुलना! पण तिसऱ्याच दिवशी पाहते तर आजीने दोन्ही पाय धुऊन सारखंच लावलेलं. वर मलाच विचारते, "डाव्या पायाने काय घोडं मारलंय?"

प्रयोग फसला. पण चादरीचा धागा आता अडकत नाही.