पुटिका : मुळातील आणि खडकातील

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरात विहीर खणताना मुरमाखाली पुष्कळदा छिद्रांनी भरलेला खडक लागतो. काही छिद्रे रिकामी असतात, तर काहींत पांढरी गारगोटी बसलेली असते. अशा छिद्रास भूशास्त्रात ‘व्हेसिकल’ म्हणतात. पेशीविज्ञानातही हाच शब्द रूढ आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘लहान पिशवी’ असा असून मराठीत त्यास ‘पुटिका’ म्हणता येईल. नाव एकच असले तरी दोहोंचे स्वरूप भिन्न आहे. खडकातील पुटिकेविषयी गैरसमज राहिल्यास विहिरीचा खर्च वाया जाण्याचा संभव असतो.

पेशीतील पुटिका ही पातळ पटलाची सूक्ष्म पिशवी होय. ज्वारीच्या मुळावरील केस वाढताना अशा असंख्य पिशव्या बांधणीचे द्रव्य टोकाशी पोचवितात आणि तेथील पटलात मिसळून जातात. या वाहतुकीची यंत्रणा उलगडल्याबद्दल रॉथमन, शेकमन व स्यूडहॉफ या शास्त्रज्ञांना २०१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

खडकातील पुटिका मात्र काहीही वाहून नेत नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे लाव्हाचे थर एकावर एक पसरले. लाव्हा निवताना वायूचे बुडबुडे वर चढले व माथ्याजवळ अडकले. म्हणून बहुधा थराचा माथा सच्छिद्र आणि मध्यभाग घट्ट काळा पाषाण असतो. पुढे झिरपत्या पाण्यातील खनिजांनी अनेक पुटिका भरून गेल्या.

यावरून एक गोष्ट ध्यानी घ्यावी : खडकात छिद्रे दिसली म्हणजे पाणी लागेलच असे नाही. पुष्कळ पुटिका बंद खोल्यांसारख्या असतात. एकीतून दुसरीत जाण्यास पाण्याला वाट नसते. खडक झिजून भुसभुशीत झाला असेल, अथवा त्यास भेगा व सांधे असतील, तरच पाणी साठते व विहिरीत उतरते.

म्हणून नवी विहीर घेण्यापूर्वी शेजारच्या विहिरींच्या उघड्या कडा पाहाव्यात. झरा कोणत्या थरात व किती खोलीवर आहे आणि मेअखेर पाणी कोठवर उतरते, याची नोंद गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ठेवावी. घट्ट पाषाण लागल्यावर केवळ आशेने खोली वाढवू नये; भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांचा सल्ला घ्यावा. कारखाने व वस्ती यांमुळे जेथे उघडी जमीन कमी झाली आहे, तेथे पावसाचे पाणी बांधबंदिस्तीने शेतातच मुरविणे अधिकच अगत्याचे आहे. खडकात जे मुरले, तेवढेच विहिरीत येणार.