तोंडावरचे गार पाणी आणि हृदयाची चाल

उन्हातून आलेला माणूस तोंडावर गार पाण्याचा हबका मारतो आणि सुटकेचा श्वास टाकतो. हे समाधान केवळ मनाचे नव्हे. गार पाण्यात भिजवलेले फडके कपाळ, डोळे व गाल झाकतील असे अर्धा मिनिट धरावे आणि शेजाऱ्याकडून नाडी मोजवून घ्यावी. ती बहुधा मंदावलेली आढळते. श्वास रोखला तर अधिकच.

असे का व्हावे? पाण्यात बुडवलेल्या बदकाच्या हृदयाचे ठोके फार कमी होतात, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर याने १८७० साली नोंदले. पुढे शोलँडर व त्याच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील टॉरस सामुद्रधुनीत मोत्यांसाठी बुड्या मारणाऱ्या कष्टकऱ्यांची तपासणी केली. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात तोच प्रकार माणसातही दिसला. ठोके मंदावतात, हातापायांकडील रक्तवाहिन्या आकसतात आणि शिलकीतला प्राणवायू हृदय व मेंदू यांच्यासाठी राखला जातो.

याची यंत्रणा साधी आहे. चेहऱ्यावरील गारव्याची वर्दी त्रिशाखी मज्जातंतू मेंदूच्या बुडाशी पोचवतो. तेथून व्हेगस नावाच्या मज्जातंतूवाटे हृदयाला ‘सावकाश’ असा हुकूम सुटतो. हा मान चेहऱ्याचाच. हात बर्फाच्या पाण्यात घातला तर उलट रक्तदाब चढतो आणि ठोकेही बहुधा वाढतात.

आता आमच्या कामगारांच्या बाजूने पाहू. भट्टीपुढे घेरी आलेल्या माणसाला मुकादम सांगतो, “जा, तोंड धुऊन ये.” तो येतो, त्याला बरे वाटते आणि पुन्हा कामाला जुंपला जातो. पण नाडी मंदावली ती चेहऱ्याच्या वर्दीने, तीही थोडा वेळ. अंगात साठलेली उष्णता तेवढ्याने निघून जात नाही. तिला सावली, वारा, पिण्याचे पाणी आणि पुरेशी विश्रांती लागते. म्हणून नळ दिला, आता सुट्टी कशाला, हा हिशेब शरीरशास्त्राला मान्य नाही.

आणि उन्हातला वा भट्टीवरचा माणूस बरळू लागला, तर तोंडावरच्या हबक्यावर थांबू नका. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, सर्व अंग भिजवून वारा घाला आणि विनाविलंब दवाखाना गाठा.