परगावची लग्ने आणि कारागिराचा मेहनताना

लग्न आपल्या गावात, आपल्या जमातीत व्हावे, ही जुनी रीत. आता पैसेवाली घराणी सारे वऱ्हाड घेऊन उदयपूर, जोधपूर किंवा गोवा गाठतात. याला 'डेस्टिनेशन वेडिंग' म्हणतात. रवीना टंडन यांचे लग्न 2004 साली उदयपूरला झाले, प्रियांका चोप्रा यांचे 2018 साली जोधपूरच्या उमेद भवनात. अशा लग्नांचा बोलबाला झाला आणि इतरांनाही हौस वाटू लागली. परदेशात लग्न करण्यापेक्षा देशातच करा, असे आवाहन पंतप्रधानांनी नोव्हेंबर 2023 मध्ये आकाशवाणीवरून केले.

हा पर्यटनाचा धंदा कसा, ते पाहू. दोनशे पाहुणे, दोघांत एक खोली आणि तीन रात्रींचा मुक्काम धरला, तर एकाच लग्नात हॉटेलच्या शंभर खोल्या तीन रात्री भरतात. शिवाय साध्या पर्यटकाला मांडव लागत नाही. वऱ्हाडाला मांडव, रोषणाई, फुले, मेंदी, बांगड्या, अत्तर, जरदोजीची शेरवानी, बिर्याणी, बँड, घोडी असे सर्व लागते. यातील कित्येक कामे आपल्या बांधवांच्या हातची आहेत.

मग कमाई कुठे अडते? यजमान सारे काम एका कंपनीला देतो. कंपनी डेकोरेटरला देते आणि डेकोरेटर कारागिराला. प्रत्येक पायरीवर कमिशन कापले जाते आणि कारागिराचा नंबर शेवटी लागतो. गावात यजमान ओळखीचा असतो. वलीमा झाला की दुसऱ्या दिवशी हिशेब होतो. परगावी वऱ्हाड निघून गेल्यावर कोणाच्या दारात जाणार?

म्हणून आमची सूचना अशी की, ऑर्डर लेखी घ्यावी. पैसे कोण देणार त्याचे नाव, रक्कम आणि तारीख तीत असावी. कच्चा माल व प्रवासाचा खर्च निघेल एवढी आगाऊ रक्कम हाती आल्याशिवाय गाव सोडू नये.

दुसरे, काम घेण्याआधीच 'उद्यम' नोंदणी करून ठेवावी. ती मोफत होते. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे, माल बनवणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या लहान उद्योगाचे पैसे, करारात काहीही लिहिले असले तरी, 45 दिवसांपलीकडे थकवता येत नाहीत. लेखी करार नसेल तर मुदत 15 दिवसांची आहे. पैसे थकल्यास राज्याच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही. त्याने उधारी बेतानेच द्यावी. उशिराबद्दल कायदा व्याजही देववतो. त्याविषयी आलिमांना विचारावे. मुद्दल मात्र आपल्या घामाचे आहे, ते मागण्यात संकोच कसला?

शेवटी एक सांगणे. निकाह साधेपणाने करावा, ही आपल्या दीनची शिकवण. दुसऱ्याच्या थाटामाटात हलाल कमाई जरूर करावी, पण तो थाट पाहून आपल्या लेकीच्या लग्नासाठी कर्ज काढू नये.