पोटगी कमी व्हावी, पण हिशेबाने

‘नोकरी गेली, पोटगी थोडी कमी कर,’ अशी विनंती पूर्वीच्या पतीकडून आली, तर अंधेरी-मुलुंडच्या घटस्फोटितेने काय करावे? संकोचाने होकार देऊ नये, तसाच संतापाने नकारही देऊ नये. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २५ अन्वये परिस्थिती पालटल्यास पोटगी घटविता येते, तशीच वाढविताही येते. मात्र हा अधिकार न्यायालयाचा आहे. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयाने ठरविलेली रक्कम पतीला परस्पर कापता येत नाही. नागपूरच्या एका दाम्पत्याच्या प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या दाव्यांत उभयपक्षांनी मिळकत व देणी प्रतिज्ञापत्रावर मांडणे बंधनकारक केले. ज्याची अडचण खरी आहे, त्याला हिशेब दाखविण्याचे भय कशाला? अर्थात तिनेही आपली मिळकत लपवू नये. प्रामाणिकपणाची अट दोघांना सारखीच आहे.