व्हॅनसाठी पर्यायी सस्पेन्शन व समायोज्य डँपर यांची निवड : फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टरच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
मालवाहू व्हॅनची सस्पेन्शन प्रणाली ही मुळात एक तडजोड असते. तीच व्हॅन कधी रिकामी, तर कधी पूर्ण भारित धावणार, हे गृहीत धरून उत्पादक तिची रचना करतो. युरोपात फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टरच्या टी-५ (२००३ ते २०१५) या पिढीतील अनेक व्हॅनचे निवासी वाहनांत रूपांतर झाले आहे. पलंग, कपाटे, पाण्याची टाकी व जादा बॅटरी बसविल्यानंतर भार कायमस्वरूपी होतो. व्हॅनची मागील बाजू खचते, वळणावर ती अधिक झुकते आणि खड्ड्यानंतर बराच वेळ हेलकावे खाते. अशा वेळी समायोज्य डँपर हा उपाय प्रथम सुचतो. परंतु तो नेहमीच योग्य असतो असे नाही. प्रस्तुत लेखात या निवडीमागील तत्त्वांचे विवेचन केले आहे.

स्प्रिंग व डँपर यांतील कार्यभेद :
वाहनाचे वजन स्प्रिंग पेलते; डँपर ते पेलत नाही. स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा तेलाच्या घर्षणातून उष्णतेत रूपांतरित करून दोलने शमविणे, एवढेच डँपरचे कार्य होय. टी-५ च्या पुढील बाजूस मॅकफर्सन स्ट्रट असून मागील बाजूस कॉइल स्प्रिंग व डँपर स्वतंत्रपणे बसविलेले असतात. त्यामुळे मागील स्प्रिंग व डँपर यांचा विचार वेगवेगळा करता येतो.

एक गणिती उदाहरण :
मागील एका चाकावर ४०० किलोग्रॅम भार असून चाकापाशी मोजलेली स्प्रिंगची ताठरता प्रति मिलिमीटर ६० न्यूटन आहे, असे मानू. तेव्हा दोलनांची नैसर्गिक वारंवारता सुमारे १.९५ हर्ट्झ येते. भार ६०० किलोग्रॅम झाल्यास ती सुमारे १.६ हर्ट्झवर उतरते, व्हॅन सुमारे ३३ मिलिमीटर खाली बसते आणि मूळ डँपरचे अवमंदन गुणोत्तर ०.३० वरून सुमारे ०.२४ होते. डँपर कडक केल्यास हेलकावे घटतील. परंतु खचलेले ३३ मिलिमीटर परत मिळणार नाहीत. मूळ वर्तन पूर्ववत आणायचे असल्यास भाराच्या प्रमाणात स्प्रिंगची ताठरता व डँपरचे अवमंदन ही दोन्ही दीडपट व्हावी लागतात.

समायोजनाच्या मर्यादा :
कोनी कंपनीच्या अनेक समायोज्य डँपरमध्ये केवळ प्रसरणाच्या वेळचा विरोध बदलतो. हा विरोध अवाजवी वाढविल्यास सलग खड्ड्यांवर स्प्रिंगला पूर्ववत होण्यास अवधी मिळत नाही, व्हॅन टप्प्याटप्प्याने खाली दबत जाते आणि चाकाची रस्त्यावरील पकड घटते. तसेच आटे असलेल्या कॉइलओव्हरची चकती फिरविल्याने उंची बदलते. समान ताठरतेच्या स्प्रिंगची ताठरता मात्र बदलत नाही. उंची कमी केल्यास चाकाला वर सरकण्यास उरलेली जागाही कमी होते.

निवडीचा क्रम :
प्रथम प्रवासी, पाणी व सामानासह व्हॅनच्या प्रत्येक आसावरील भार वजनकाट्यावर मोजावा. त्यानंतर जीर्ण बुश, टायरमधील हवेचा दाब व गळके डँपर तपासावेत. भारानुरूप स्प्रिंग निश्चित केल्यानंतरच तिला अनुरूप डँपर निवडावा. भार सतत बदलत असल्यास साहाय्यक एअर स्प्रिंगचा विचार करावा. डँपरचे समायोजन सर्वांत मऊ स्थितीपासून सुरू करून, एका वेळी एकच बदल करीत, त्याच रस्त्यावर पडताळावे.

कायदेशीर बाजू :
स्प्रिंग कडक केल्याने व्हॅनचे अनुज्ञेय एकूण वजन वाढत नाही. ब्रेक, टायर व आस यांच्या मर्यादा पूर्वीच्याच राहतात. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये वाहनातील फेरबदलांवर निर्बंध आहेत. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे खरेदीपूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालय व विमा कंपनी यांच्याकडे चौकशी करणे अगत्याचे ठरते.

निष्कर्ष :
समायोज्य डँपर हे सूक्ष्म सुधारणेचे साधन आहे. चुकीच्या स्प्रिंगचा किंवा अतिभाराचा तो परिहार नव्हे. कडक डँपरमुळे अतिभारित व्हॅन स्थिर भासू लागते आणि चालकाला मिळणारी धोक्याची सूचनाच नाहीशी होते. म्हणूनच निवडीचा आरंभ सुट्या भागांच्या दुकानात नव्हे, तर वजनकाट्यावर व्हावयास हवा.