ओट्यापाशी तीन शिट्ट्या

कुकरची पहिली शिट्टी झाली की मी ओट्यापासून तीन पावलं मागे सरकते, दोन्ही तळहात कडेवर टेकवते आणि कमरेतून पुढे वाकते. पाय सरळ, डोकं दोन दंडांच्या मधे, बसायची हाडं मागच्या फ्रिजच्या दिशेने. तिसऱ्या शिट्टीला उठायचं. मधे दोनेक मिनिटं जातात. डाळ शिजते आणि अर्ध उत्तानासन होतं.

या दोन मिनिटांत गंमत अशी की दुखऱ्या कमरेत फारसं काही घडतच नाही. ताण येतो तो गुडघ्यांच्या मागे, कपडे वाळत घालायची तार कुणीतरी आवळावी तसा. दुसऱ्या शिट्टीच्या सुमाराला तो मांडीतून वर सरकतो, काखा मोकळ्या होतात आणि श्वास चक्क कमरेपर्यंत पोचल्यासारखा वाटतो. आपण हनुवटी वर काढून शिट्ट्या मोजत होतो, हेही तेव्हाच लक्षात येतं. मग मान सोडून द्यायची.

मी मुद्रितशोधक आहे. वीस वर्षं प्रुफांवर वाकून काना-मात्रा-वेलांट्या तपासल्या. त्या काळात माझ्या स्वतःच्या पाठीची वेलांटी कधी ऱ्हस्व झाली ते कळलं नाही. सकाळी बेसिनशी तोंड धुवायला वाकले की पाण्याचा हबका चेहऱ्यावर मारण्याआधी एक हात भिंतीला टेकावा लागे. रिक्षातून उतरताना तर आधी पाय, मग पिशवी, मग मी, असे तीन हप्ते.

डॉक्टरांनी झोपवून एकेक पाय सरळ वर उचलून पाहिला, गुडघ्यावर हातोडी मारली. पायात मुंग्या, बधिरपणा, लघवीवरचा ताबा, ताप, घटलेलं वजन, सगळं विचारलं. यातलं काही असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. नव्हतं. “गादीबिदी सरकलेली नाही. झोपून राहू नका, हलत्या राहा,” ते म्हणाले. योग चालेल का, या प्रश्नावर मान डोलावली. जुनाट कंबरदुखीसाठी औषधांच्या आधी व्यायाम, योग असे उपाय करून पाहावेत, असं अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेनेही २०१७ साली सांगितलं आहे.

मी घरी येऊन मोबाइलवर एक व्हिडिओ लावला आणि दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या पश्चिमोत्तानासनाला बसले. अंगठे हाताला लागेनात. मग पाठीला पोक काढून, हिसके देऊन ते पकडले. फार अभिमान वाटला. पुढचे चार दिवस अंथरुणात काढले.

काय चुकलं ते नंतर समजलं. मांडीच्या मागचे स्नायू बसायच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जातात. खुर्चीत वर्षानुवर्षं गुडघे मोडून बसलं की ते आखडतात. मग पाय सरळ करून पुढे वाकायला गेलं तर ते कटिबंधाला, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्याला, मागे धरून ठेवतात. तो पुढे झुकत नाही, आणि वाकण्याचा सगळा भार कमरेच्या पाच मणक्यांवर येतो. त्यात सकाळची वेळ. रात्रभर आडवं असताना मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, तेव्हा त्यांना असा ताण सोसत नाही. म्हणजे ओरडत होती कंबर, आणि दोष मांड्यांचा. प्रुफातही असं होतं. सातव्या पानावर मजकूर सांडलेला दिसतो आणि ओळ वाढलेली असते तिसऱ्या पानावर.

शेजारच्या काकूंनी बरीच वर्षं अय्यंगार पद्धतीच्या वर्गात काढली आहेत. त्या आल्या आणि माझ्याआधी त्यांनी माझं घर तपासलं. “काय काय आहे तुझ्याकडे?” लोखंडी घडीची खुर्ची निघाली, दोन सोलापुरी चादरी निघाल्या, लेकाचा कराटेचा पट्टा निघाला. विटा नव्हत्या. काकूंची नजर शब्दकोशाच्या दोन जाडजूड खंडांवर गेली. पुस्तकाला पाय लावायचा नाही, म्हणून ते फक्त हाताखाली घ्यायचे असं ठरलं. त्रिकोणासनात माझा हात जमिनीपर्यंत पोचत नाही. तो शब्दकोशावर टेकतो.

बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली योग शिकवायला पुण्यात आले तेव्हा अठरा वर्षांचे होते. लहानपण आजारपणात गेलेलं, अंग ताठर. स्वतःचं शरीर जड जाणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं. १९६६ च्या त्यांच्या ‘लाइट ऑन योगा’मधली छायाचित्रं बघून माणूस घाबरावा, पण समोर येणाऱ्या आखडलेल्या माणसांसाठी त्यांनी विटा, पट्टे, खुर्च्या, दोर असं घरादारातलं सामान वापरात आणलं. १९७५ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या त्यांच्या संस्थेत जगभरातून लोक येत राहिले. हात जमिनीपर्यंत पोचत नसेल तर जमीन हातापर्यंत आणायची, एवढं त्यातलं मला कळलं.

पहिले दोन महिने काकूंनी बसून पुढे वाकूच दिलं नाही. उताणं झोपायचं, कराटेचा पट्टा तळपायाला अडकवायचा आणि पाय वर न्यायचा. दुसरा पाय भिंतीला टाच लावून जमिनीवर. माझा वरचा पाय साठ अंशांतच थरथरायला लागला. मी पट्टा ओढला तशी खालची मांडी उचलली गेली. “वरच्या पायाकडे बघू नकोस. खालचा पाय हलला म्हणजे तू चोरी केलीस,” काकू म्हणाल्या. त्या दिवसापासून मी खालच्या पायावर नजर ठेवून असते. पाठ जमिनीवर असल्याने इथे कमरेला लबाडी करता येत नाही. एका बाजूला मिनिटभर, दोन वेळा. मिनिट किती लांब असतं ते पट्टा धरल्यावर कळतं.

मग रांगत्या बाळासारखं होऊन मार्जारासन, श्वास सोडताना पाठ वर, घेताना खाली. मग खुर्चीवर आडवं बसून खुर्चीच्या पाठीला धरून वळायचं. इथे मी आधी मानेने वळायचे. काकूंनी बरगडीवर बोट ठेवलं, “इथून.” शेवटी खुर्चीच्या बैठकीवर पोटऱ्या टेकवून जमिनीवर शवासन. गुडघे काटकोनात आले की कमरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडाकडे जाणारा खोल स्नायू सैल होतो आणि कंबर आपसूक फरशीवर टेकते. पहिल्यांदा ती टेकली तेव्हा फरशीचा गारवा नवीनच लागला. एरवी माझ्या कमरेखालून उंदीर गेला असता.

वर्ष झालं. दुखणं गेलं असं म्हणणार नाही. चारशे पानांचं पुस्तक आठवड्यात द्यायचं असलं की ते हजर होतं. पण आता त्याची चाहूल आधी लागते, आणि प्रत्येक दहा पानांनंतर मी उठते. तोंड धुताना भिंत लागत नाही.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. रोज मांडी घालून जमिनीवर मेथी निवडते आणि कशाला न धरता उठते. तिच्या घरात डायनिंग टेबल आलं ते मी नोकरीला लागल्यावर. परवा ती आली होती. माझा पट्टा, खुर्ची, शब्दकोश असा सगळा खेळ पाहून झाल्यावर म्हणाली, “एवढं सगळं नीट खाली बसता यावं म्हणूनच ना? मग बस की.”

मी तिच्यासमोर मेथी घेऊन बसले. मांडीखाली दोन्ही सोलापुरी चादरींच्या घड्या होत्या, कारण बैठक उंच असली की कटिबंध मागे कलंडत नाही आणि पोक येत नाही. अर्धी जुडी निवडून झाली तेव्हा गुडघे बोलायला लागले, कंबर मात्र गप्प होती.

काल एक चादर काढून पाहिली. दुसरी अजून आहे.