पोलिसांचा बिनतारी संवाद : स्कॅनर घेण्याआधी

नागपूरच्या सक्करदरा चौकात पोलिसांच्या गाडीतला बिनतारी संच खरखरला की तो संवाद घरी ऐकण्याची उत्सुकता अनेकांना वाटते. अमेरिकेत असे संदेश पकडणारा स्कॅनर बाळगणे हा रूढ छंद आहे. आपल्याकडचे नियम वेगळे आहेत.

■ कायदा : दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम ४२ नुसार संदेश बेकायदा टिपल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, २ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम २६ जून २०२४ पासून लागू आहे.

■ तंत्र : साधा स्कॅनर ॲनालॉग संदेश पकडतो. कूटबद्ध डिजिटल संदेश महागडा स्कॅनरही उलगडू शकत नाही.

■ वॉकी-टॉकी : ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या संचांना परवाना लागत नाही. मात्र संचाला ‘ईटीए’ (इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल) मान्यता हवी. ऑनलाइन खरेदीत वारंवारिता आणि मान्यता दोन्ही तपासा.

■ कायदेशीर छंद : हॅम म्हणजे हौशी रेडिओ. त्याच्या परवान्यासाठी केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा १२ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही देता येते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे हॅम प्रसारण १४५.८०० मेगाहर्ट्झवर असते. स्थानक डोक्यावरून जाताना साध्या संचावरही ते ऐकू येऊ शकते.

■ मदत : संकटात ११२ डायल करा.

पोलिसांच्या संदेशात पीडितांची नावे आणि पत्ते असू शकतात. त्यांचा खासगीपणा जपा. रेडिओची आवड असेल तर हॅमचा परवाना मिळवा.